फुंका, कॅप्टन!

माझ्या नोकरीचं वर्णन एका वाक्यात करायचं, तर मी लोकांना फुंकायला सांगत असे. "फुंका, कॅप्टन. लांब फुंका. अजून, अजून, अजून... बास." केसांत पांढरं येईपर्यंत हेच केलं. त्यावर घर चाललं, मुलगी शिकली, पनवेलला स्वतःचं छप्पर झालं. आमच्या सोसायटीत अजूनही काही जणींचा समज आहे, की मी विमानात ट्रे घेऊन फिरत होते आणि वय झाल्यावर मला खाली उतरवलं. शेजारच्या वहिनींनी तर एकदा भीत भीत विचारलं होतं, "वर हवेत इंजेक्शन देताना हात हलत नाही का हो?" मी म्हटलं, सवय होते. दरवेळी समजावत कोण बसणार?

मी नर्स. सुनंदा माझं नाव, पण विमानतळावर सगळ्यांची मी 'सिस्टर'. आधी पनवेलच्या एका हॉस्पिटलात होते, मग मुंबईच्या विमानतळावर एका कंपनीच्या मेडिकल रूममध्ये लागले. काम असं, की ड्युटीवर येणाऱ्या पायलटांनी आणि केबिनमधल्या मंडळींनी विमानात पाऊल टाकायच्या आधी दारू घेतलेली नाही ना, हे बघायचं. तुम्ही तिकडे कमरेचा पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवत असता, तेव्हा इकडे एका खोलीत तुमचा पायलट तोंडात नळी धरून उभा असतो. फोनएवढं यंत्र, दर माणसाला नवी नळी, समोर कॅमेरा, टेबलाशी डॉक्टर आणि मी. यंत्रावर शून्य आलं तर माणूस विमानाकडे. काहीही वेगळं आलं, की थोड्या वेळानं पुन्हा एकदा फुंकायचं. तेव्हाही तेच आलं तर माणूस घराकडे. 'थोडी चालते', 'बिअर म्हणजे काय दारू का?' असला घरगुती कायदा तिथे नाही. पहिल्यांदा सापडलात तर तीन महिने लायसन्स खुंटीला. पुन्हा सापडलात तर महिन्यांवर भागत नाही, वर्षं जातात.

यंत्र नीट चालतंय का हे बघायला पाळीच्या सुरुवातीला मी स्वतः फुंकायचे. त्यामुळे माझीही रोज परीक्षा. माझं माहेर खाडीकाठचं, आगरी. श्रावणाआधीची गटारी म्हणजे आमच्याकडे दिवाळीची थोरली बहीण. कोंबडी, मटण, आणि त्यांच्या जोडीला जे असतं ते सगळं. आमच्या काक्या-माम्याही मागे राहत नसत. मी मात्र कोपऱ्यात कोकम सरबत घेऊन बसायचे आणि सगळे मला म्हणायचे, "ही बग, हिला इमान उडवायचंय!"

बऱ्याच जणांना वाटतं, सगळे पायलट पिणारे असतात. तसं काही नाही. रोज शून्यामागून शून्य येतात. कंटाळा यावा इतकी शून्यं. त्या कंटाळ्यावर मी एक उपाय काढला होता. शून्य आलं की मोठ्यानं वाचायचं, "शून्य, शून्य, शून्य," आणि वर म्हणायचं, "जा, सुखरूप जा." सुरुवातीला तरुण पोरं हसायची. मग त्यांना त्याची सवय लागली. एक वयस्क कॅप्टन होते, मोठे शिस्तीचे, चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही. ते फुंकायचे आणि 'सुखरूप जा' ऐकल्याशिवाय पाय उचलायचे नाहीत. एकदा मी रजेवर होते, मुलीच्या शाळेत. फोन वाजला. पलीकडून कॅप्टन. "सिस्टर, तुमच्या जागी जी मुलगी आहे ती नुसतं 'नेक्स्ट' म्हणते." मी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून म्हटलं, "जा कॅप्टन, सुखरूप जा." फोन बंद. मुलीच्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्या वर्षी पालकसभेत मला कोणी काही विचारलं नाही.

आता जे शून्य नसत त्यांच्या गोष्टी. काय काय ऐकलं मी! सर्दीचं औषध घेतलं, होमिओपॅथीचे थेंब घेतले, माउथवॉशनं गुळण्या केल्या, दाढीनंतरचं लोशन जरा जास्त झालं. यांतली काही कारणं खरीही असायची, म्हणून तर दुसरी फुंकर ठेवलेली आहे. तोंडातला वास उडून जातो, पोटातली जात नाही. काही महाभाग फुंकायच्या ऐवजी नळीतून हवा ओढायचे. काही गाल फुगवायचे, डोळे मोठे करायचे, सगळा आविर्भाव शंखाचा आणि हवा एक कण नाही. यंत्र अशांना ओळखतं आणि किरकिरतं. मी म्हणायचे, "सर, वाढदिवसाच्या मेणबत्त्या कशा विझवता, तसं."

माझ्या सगळ्यात लाडक्या गिऱ्हाइकानं मला सांगितलं, की काल आम्ही अलिबागकडे गेलो होतो, तिथे ताडगोळे फार खाल्ले, त्याचा परिणाम असेल. बिचाऱ्याला काय माहीत, की समोर कोण बसलंय. माझ्या माहेरच्या बांधावर ताडाची झाडं होती. मी म्हटलं, "सर, ताडगोळ्यात नसते. त्याच्या शेजारी मडकं लावलेलं असतं ना, त्यात असते." डॉक्टर मॅडमना हसू आवरेना, त्या उठून खिडकीशी गेल्या. दुसऱ्या फुंकरीलाही ताडगोळे तेवढेच निघाले.

सगळ्यात जास्त फसायचे ते मात्र वाईट लोक नव्हेत, हिशेबी लोक. नियम असा, की उड्डाणाआधी बारा तास दारूला शिवायचं नाही. आता बारा तास मोजायचे कुठून? शेवटचा घोट घेतला तिथून. पण माणूस मोजतो तो बसला तिथून. 'आम्ही आठला बसलो होतो' असं प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो. उठलात कधी, ते विचारलं की आठवत नाही. शिवाय बारा तास म्हणजे काही जादूची कांडी नव्हे. जास्त झाली असेल तर तेवढ्यात उतरतेच असंही नाही. आपलं लिव्हर सरकारी कचेरीतल्या जुन्या कारकुनासारखं आहे. एका वेळी एकच फाइल घेतं. काळी कॉफी पाजा, लिंबू पिळा, थंड पाण्याखाली उभे राहा, त्याची गती तीच.

पुढे पुढे आमच्याकडे पायलटांबरोबर खालचे लोकही येऊ लागले. म्हणजे विमानं दुरुस्त करणारे, धुणारे, ओढणारे. त्यांची तपासणी रोज सगळ्यांची नसे. आज हा, उद्या तो, कोणालाही अचानक बोलवायचं. त्यांना त्याचा भयंकर राग. "आमी काय इमान उडवतो का?" असं मला तोंडावर विचारणारे होते. त्यात दळवी म्हणून एक टेक्निशियन होता. कळंबोलीचा, बापाचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज, लहानपणापासून हातात पाना. कसब असं, की नुसता आवाज ऐकून बिघाड सांगायचा. विमान कंपनीचे लोक त्याला डोक्यावर घेऊन नाचायचे. एका दुपारी काम चालू असताना त्याला तपासणीला बोलावलं. तो हसत हसत आला, दोनदा फुंकला आणि दोन्ही वेळा यंत्रानं त्याला नापास केलं. त्याला स्वतःलाच खरं वाटेना. म्हणाला, "सिस्टर, कालची हाय. आज थेंब नाय घेतला, आईची शपथ." खरंच सांगत होता तो.

त्याला घरी पाठवलं. त्याचे इंजिनिअर सावंत साहेब तरातरा माझ्या खोलीत आले. "माझा सगळ्यात चांगला माणूस काढून घेतलात तुम्ही. आता त्यानं आज जे जे केलं ते सगळं मला पुन्हा बघावं लागणार. विमान संध्याकाळी जायचंय." मी म्हटलं, "बघा मग." दुसरं काय म्हणणार?

इथे थोडं समजावून सांगते, मला सावंत साहेबांनी समजावलं होतं तसं. विमानाच्या अंगावर काही बारीक भोकं असतात. बाहेरच्या हवेचा दाब त्यांतून आतल्या यंत्रांना कळतो आणि त्यावरून पायलटला समजतं, की आपण किती उंच आहोत, किती वेगानं चाललोय. विमान धुताना त्यांत पाणी जाऊ नये म्हणून ती झाकतात आणि धुऊन झालं की झाकण काढतात. झाकण असं भडक रंगाचं हवं, की लांबून आंधळ्यालाही दिसावं. त्या दिवशी ते जागेवर नव्हतं. दळवीनं काय करावं? हाताशी होती ती चंदेरी चिकटपट्टी मारली. विमानही तिथे चंदेरीच. गॅरेजमध्ये हे चालतं. तिथे वेळ मारून नेणाऱ्यालाच मिस्त्री म्हणतात.

सावंत साहेब विमानाभोवती फिरले. डोळ्यांना काही दिसलं नाही. मग त्यांनी शिडी लावली आणि तळहात फिरवत गेले, घोड्याला खरारा करतात तसे. एका भोकापाशी हाताला कड लागली. पट्टी तशीच होती. पायलटही उड्डाणाआधी खालून विमानाला चक्कर मारतो, पण त्यालाही ती दिसली नसती. विमान वर गेलं असतं आणि आकडे खोटं बोलायला लागले असते. एखाद्याला डोळे बांधून जिन्यावरून पळायला लावावं, तसं.

सावंत साहेब पुन्हा माझ्या खोलीत आले, तेव्हा घामानं भिजले होते. त्यांनी ती पट्टी माझ्या टेबलाच्या कडेला चिकटवली आणि खुर्चीत बसून राहिले. मी त्यांना पाणी दिलं. त्या संध्याकाळी ते विमान वेळेवर गेलं. त्यातल्या कोणाला काही कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं.

सावंत साहेबांनी फोन केला तेव्हा, पट्टी मी काढली होती, असं दळवी शपथेवर सांगत होता. तो परत आला नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेन दुरुस्त करतो असं ऐकते. एकदा तिकडे समोरून आला आणि मला बघून गल्लीत वळला. मला वाईट वाटलं. तसा हात पुन्हा बघायला मिळाला नाही, असं सावंत साहेबही म्हणत.

आता घरची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही.

माझा थोरला भाऊ, दादा. आमच्या भाताच्या खाचरांवर आणि मिठागरावर नवा विमानतळ आला. आमचं गाव उठून नव्या वसाहतीत गेलं. दादाचा मुलगा हर्षल पायलट झाला. आमच्या अख्ख्या भावकीत पहिला. दादानं गावभर एकच रट लावली, "आमच्या शेतावरनं माजा पोरगा इमान उडवणार." जमीन गेल्याचं दुःख त्याला होतंच, पण या एका वाक्यावर तो ते रेटून नेत होता. विमानतळ अजून तयार व्हायचा होता, हर्षल मुंबईहून उडायचा, माझ्याच कंपनीत. माझ्याकडे फुंकायला यायचा. "शून्य, शून्य, शून्य. जा, सुखरूप जा," म्हणताना माझा आवाज इतरांपेक्षा वर चढायचा, असं डॉक्टर मॅडम म्हणत.

हर्षलच्या बहिणीचं लग्न ठरलं. आगरी हळद म्हणजे काय हे ज्यानं पाहिलं नाही, त्याला सांगून कळणार नाही. लग्न एक वेळ आटोपशीर होईल, हळद नाही. मांडवात धवलारीण गातेय, बाहेर बेंजो वाजतोय, मोठ्या पातेल्यांत मटण शिजतंय, आणि मांडवामागे पुरुषमंडळींची वेगळी पंगत. हर्षल हळदीनं माखलेला, नाचून नाचून दमलेला. दादानं त्याच्या हातात पेला दिला.

मी जवळ गेले. "उद्या ड्युटी नाही ना तुझी?"

"दुपारी हाय, आत्या. हिशेब केलाय मी. बारा तास होतात."

"कुठून मोजलेस? बसल्यापासून, की उठल्यापासून?"

पोरगा हसला. "आत्या, आजच्या दिवस नळी घरी ठेव की."

"उद्या दुपारी मीच आहे तिथे, हर्षल."

हे दादानं ऐकलं. त्यानं मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं, "ऐकलंत काय? आत्याच हाय तिथं! मग घाबरतोस कशाला? आनि बहिनीच्या हळदीला भाऊ कोरडा राहतो काय रे?" सगळे हसले. मी जेवायला थांबले नाही. वहिनीनं डब्यात मटण बांधून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हर्षल आला. इस्त्रीचा युनिफॉर्म, गुळगुळीत दाढी, तोंडात पुदिन्याची गोळी. कानामागे मात्र हळद राहिली होती, नखांतही. दारातून आला तेव्हाच मला कळलं. इतकी वर्षं हेच केल्यावर यंत्र नुसतं पुराव्यापुरतं लागतं. वाटलं, देवा, माझं नाक खोटं ठरू दे.

तो टेबलाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "आत्या, बरं वाटत नाय असं सांगू का?"

त्याची हजेरी लागून गेली होती. मी म्हटलं, "ते घरून सांगायचं असतं, बाळा. आता फुंकावं लागेल."

मी डॉक्टर मॅडमना सांगितलं, की हा माझा सख्खा भाचा, याची तुम्ही घ्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातला चहा खाली ठेवला. "सिस्टर, तुम्ही बाहेर थांबा हवं तर." मी नको म्हटलं. नळीचा कागद मी फाडला आणि नळी मॅडमच्या हातात दिली. हर्षलनं गाल फुगवले नाहीत, हवा ओढली नाही. सरळ, लांब फुंकला, अगदी मी त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं तसा. आकडा मॅडमनी वाचला. शून्य नव्हता.

थोडा वेळ तो बाकावर बसला. पाणी प्यायला. आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो. टेबलाच्या कडेला ती चंदेरी पट्टी अजून होती, मी तिच्याकडे बघत होते. दुसऱ्यांदाही शून्य आलं नाही. राखीव असलेल्या दुसऱ्या पायलटला बोलावलं. विमान जरा उशिरा गेलं, प्रवाशांनी कंपनीच्या नावानं बोटं मोडली. हर्षल टोपी हातात घेऊन उभा राहिला. एरवी मी म्हणते ते शब्द माझ्या तोंडातच राहिले. मी म्हटलं, "टॅक्सीनं जा. स्वतः गाडी चालवू नकोस."

"बाबांना तू नको सांगू," तो म्हणाला. "मी सांगतो."

त्यानं सांगितलं. थोड्या वेळानं दादाचा फोन आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू बोलत होता.

"सख्खी आत्या ना गं तू? एक डोळा झाकला असतास तर इमान पडणार होतं काय?"

"बहुतेक नसतं पडलं, दादा."

"मग?"

त्या 'मग'चं उत्तर फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. दादानं फोन ठेवला आणि माझ्याशी बोलणं टाकलं. गावात झालं ते व्हायचंच होतं. जमीन सरकारनं नेली आणि पोराचे पंख आत्यानं कापले, असं बायका नळावर बोलायच्या, हे वहिनीनंच मला कळवलं. वहिनी बिचारी दोन्हीकडून भरडली गेली.

त्या दिवाळीत भाऊबीजेला मी पाट मांडला, रांगोळी काढली, करंज्या केल्या. दादाला आमच्या आईसारख्या, जाड पारीच्या करंज्या लागतात. तो आला नाही. मी तबक उचलून ठेवलं आणि पोटभर रडले, खोटं कशाला सांगू? आई-बाप गेल्यावर बाईला माहेर म्हणजे भाऊच असतो.

दुसऱ्या दिवशी दारात हर्षल उभा. "बाबा येणार नाय," एवढंच म्हणाला आणि स्वयंपाकघरात येऊन बसला. मी आल्याचा चहा टाकला. त्याच्या पुढ्यात करंज्या ठेवल्या. आणि मग दादाला जे सांगता आलं नव्हतं ते त्याला सांगितलं. दळवी, त्याचा हात, ती पट्टी, सावंत साहेबांचा घाम, सगळं.

त्यानं विचारलं, "दळवीला ठाऊक होतं काय, पट्टी राहिलीय ते?"

"नाही रे. त्याला वाटत होतं, काढली. शपथेवर सांगत होता."

हर्षल कप धरून बसला. चहावर साय धरली. मग म्हणाला, "मलाबी वाटत होतं, मी ठीक हाय." करंजी खाल्ली, दुसरी खिशात घातली आणि गेला. लायसन्स खुंटीवरून आधीच उतरलं होतं, पुढल्या आठवड्यात कंपनीनंही त्याला परत कामावर घेतलं. पहिल्याच दिवशी माझ्याकडे फुंकायला आला. मी शून्य वाचलं आणि पुढच्या नळीचा कागद फाडायला घेतला. दादा पुढल्या भाऊबीजेलाही आला नाही.

मी निवृत्त झाले. कंपनीनं शाल दिली, डॉक्टर मॅडमनी नळ्यांचा हार करून गळ्यात घातला. नवा विमानतळ सुरू झाला. आमच्या गच्चीवरून विमानं दिसायला लागली, खाली येताना चाकं सोडलेली. एके दिवशी हर्षलनं मोबाइलवर तिकीट पाठवलं. गोव्याचं. खाली लिहिलं होतं, 'मी उडवणार हाय. यायचंच.'

विमानात शिरले आणि माझ्या जागेपाशी थबकले. शेजारी, खिडकीशी, दादा बसला होता. पांढरा शर्ट, पट्टा असा आवळलेला की श्वास अडावा. त्यालाही मी येणार हे सांगितलेलं नव्हतं. पोरानं दोघांना फसवलं होतं. दादानं मान वळवली आणि बाहेर बघायला लागला. बाहेर काय होतं? नुसतं डांबर. पण तो बघत होता. मला माहीत होतं काय बघतोय ते. आमचं मिठागर तिथेच कुठेतरी होतं.

दारं बंद व्हायच्या आधी कॉकपिटमधून हर्षल बाहेर आला. ताठ, टोपी काखेत. लोक बघायला लागले. तो आमच्या रांगेशी थांबला. हात लांब करून आधी बापाच्या पायांना लावला, मग माझ्या. आणि उठता उठता माझ्या तोंडाशी तोंड आणून त्यानं फुंकर मारली. लांब, सरळ. पलीकडच्या सीटवरची बाई घाबरून मागे सरकली.

आल्याचा चहा होता.

मी म्हटलं, जवळजवळ ओरडलेच, "शून्य, शून्य, शून्य! जा, सुखरूप जा!"

तो गेला. मी डोळे पुसत होते. दादा खिडकीतून बाहेरच बघत होता. मग इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलला, काचेकडे बघतच. "पास झाला काय गं?"

"झाला."

मग माझ्याकडे वळला आणि त्यानंही माझ्या तोंडावर फू करून फुंकर मारली. मला ठसकाच लागला.

"दादा! भर सकाळी?"

"मला भ्याव वाटतंय," तो म्हणाला. "इमानात बसायची पयलीच येल हाय. आनि मला काय चालवायचंय? तो चालवतोय ना."

विमान हललं, तसा त्यानं माझा हात धरला. गोव्याला चाकं टेकेपर्यंत सोडला नाही. या भाऊबीजेला जाड पारीच्या करंज्या करायच्या आहेत.